एका रेणूच्या थरात विश्व शोधणारा संशोधक

विजेचे दिवे घराघरांत पोहोचू लागले, त्या काळात एक अडचण साऱ्यांनाच सतावत होती. काही दिवस वापरल्यावर दिव्याची काच आतून काळवंडत असे. दिव्यात उरलेली हवा हेच त्याचे कारण, असा समज होता. त्यामुळे दिवा अधिकाधिक निर्वात करण्याची धडपड सुरू होती. हा समज खोडून काढला तो अर्व्हिंग लँगम्यूर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने.

३१ जानेवारी १८८१ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मलेल्या लँगम्यूर यांनी कोलंबिया विद्यापीठातून धातुशास्त्राची पदवी घेतली. १९०६ मध्ये जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठातून ते डॉक्टरेट झाले. काही काळ अध्यापन केल्यावर १९०९ मध्ये ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत दाखल झाले. तापलेल्या टंगस्टनच्या तारेतून अणू उडतात आणि तेच काचेवर बसतात, हे त्यांनी दाखवले. दिव्यात निष्क्रिय वायू भरून तारेचे वेटोळे केले, तर दिवा अधिक टिकतो, हा त्यांचा उपाय १९१३ मध्ये जगापुढे आला.

तप्त धातूवर वायूचे रेणू कसे चिकटतात, या प्रश्नातून त्यांच्या खऱ्या कार्याला दिशा मिळाली. पाण्यावर पसरलेला तेलाचा तवंग अवघ्या एका रेणूइतका जाड असू शकतो आणि त्यातील रेणू एक टोक पाण्यात रोवून शिस्तीत उभे राहतात, हे त्यांनी १९१७ मध्ये मांडले. जर्मनीच्या अ‍ॅग्नेस पॉकेल्स यांनी स्वयंपाकघरात केलेल्या प्रयोगांचा पाया त्यामागे होता. सहकारी कॅथरीन ब्लॉजेट यांनी पुढे असे थर काच व धातूवर एकावर एक चढवले. पृष्ठभाग रसायनशास्त्रातील या कार्यासाठी लँगम्यूर यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र उत्तरायुष्यात कृत्रिम पावसाच्या प्रयोगांनी त्यांना झपाटले. ऑक्टोबर १९४७ मध्ये अटलांटिकवरील एका चक्रीवादळात शुष्क बर्फ टाकण्यात आला. वादळाने दिशा बदलली आणि ते जॉर्जियाच्या किनाऱ्यावर धडकले. हा प्रयोगाचाच परिणाम, असे लँगम्यूर मानत राहिले; वादळ आधीच वळू लागले होते, हे पुढील अभ्यासात दिसले. संशोधक स्वतःचीच फसवणूक कशी करून घेतात, यावर १९५३ मध्ये मार्मिक व्याख्यान देणारेही हेच लँगम्यूर होते, हे विशेष.

१६ ऑगस्ट १९५७ रोजी वुड्स होल येथे त्यांचे निधन झाले. १९७१ मध्ये मान आणि कून या संशोधकांनी याच एकरेणवीय थरांना दोन धातूंच्या मध्ये ठेवून त्यांतून जाणारा विद्युतप्रवाह मोजला. थराची जाडी थोडी वाढताच प्रवाह झपाट्याने घटत होता. गंधकाच्या टोकाने सोन्यावर रोवलेल्या रेणूंतून इलेक्ट्रॉन किती वेगाने पार होतो, हे आजचे संशोधक तपासतात, तेव्हा ते लँगम्यूर यांनी दाखवलेल्या वाटेवरूनच चालत असतात.