पीटर क्रेव्हन : ब्रेक नसलेल्या गाडीचा स्वार

इंग्लंडांत स्पीडवे या नांवाची मोटारसायकलींची एक शर्यत आहे. तींतील गाड्यांना ब्रेक मुळींच नसतो. असा त्या खेळाचा नियमच आहे. गाडी पांचशें सी. सी. ची, गियर एकच, आणि इंधन मेथॅनॉल. चार स्वार लंबवर्तुळाकार कच्च्या मार्गावर डावीकडे वळत चार फेरे घालतात, व एक मिनिटाहून थोड्याशा अधिक वेळांत सर्व आटोपतें. पहिल्यास तीन, दुसऱ्यास दोन व तिसऱ्यास एक गुण मिळतो. वळणावर मागील चाक बाहेर घसरूं द्यावयाचें, पुढील चाक उलट उजवीकडे वळवावयाचें, आणि पोलादी तळ बांधलेला डावा पाय जमिनीवर टेकून तोल सांभाळावयाचा. आपल्या बैलगाड्यांच्या शर्यतींत हातीं कासरा तरी असतो. येथें हातीं केवळ वेगाची मूठ.

असल्या खेळास बलदंड मनुष्यच हवा, असें कोणासही वाटेल. परंतु पीटर क्रेव्हन अंगानें अगदींच लहान होते. उंची पांच फुटांच्या आसपास. त्यांचा जन्म २१ जून १९३४ रोजीं लिव्हरपूल येथें झाला, व तेथील स्टॅन्ली मैदानावर ते ही विद्या शिकले. १९५२ सालीं ते मँचेस्टरच्या बेल व्ह्यू संघांत गेले आणि शेवटपर्यंत त्याच संघाचे राहिले. इतर स्वार गाडीशीं झोंबी घेत, तेथें क्रेव्हन आपल्या देहाचा भार किंचित इकडून तिकडे नेऊन ती वळवीत. लोकांनीं त्यांस समतोलाचा जादूगार असें नांव दिलें, आणि तें नांव अतिशयोक्तीचें नव्हतें.

१९५५ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, वेंब्ली येथील अंतिम सामन्यांत पंधरापैकीं तेरा गुण मिळवून ते जगज्जेते झाले. पुढील सहा वर्षें हें पद स्वीडनचे फुंडिन आणि न्यूझीलंडचे ब्रिग्ज व मूर यांच्याकडेच राहिलें. क्रेव्हन १९५७ व १९६० सालीं तिसरे आले. एकदां शिखर गांठून खालीं आलेला खेळाडू बहुधा पुन्हा वर चढत नाहीं. क्रेव्हन मात्र चढले. १९६२ सालीं त्याच वेंब्लीवर चौदा गुण घेऊन, ब्रिग्ज यांस एका गुणानें मागें टाकून, त्यांनीं तें पद परत मिळविलें.

२० सप्टेंबर १९६३ रोजीं बेल व्ह्यू संघ स्कॉटलंडांत एडिंबरोच्या मेडोबँक मैदानावर खेळावयास गेला होता. या सामन्यावर कोणतेंही मोठें पद अवलंबून नव्हतें. एका शर्यतींत क्रेव्हन यांच्या पुढें असलेला एडिंबरोचा स्वार जॉर्ज हंटर एकाएकीं खालीं पडला. ब्रेक असता तर गाडी थोपविण्याचा यत्न तरी करतां आला असता. येथें मार्ग दोनच : पडलेल्या मनुष्याच्या अंगावर जाणें, किंवा बाजूस वळणें. निमिषमात्राच्या अवकाशांत क्रेव्हन वळले, आणि मैदानाच्या कठड्यावर आदळले. हंटर वांचला. क्रेव्हन यांच्या मस्तकास भारी इजा झाली होती. चार दिवसांनीं, २४ सप्टेंबर रोजीं, त्यांनीं प्राण सोडला. तेव्हां त्यांचें वय एकोणतीस वर्षांचें होतें. त्याच वर्षीं बेल व्ह्यूनें राष्ट्रीय लीगचें अजिंक्यपद मिळविलें होतें.

त्यांच्यामागून इंग्लंडला दुसरा जगज्जेता मिळण्यास १९७६ साल उजाडावें लागलें. तो पीटर कॉलिन्सही बेल व्ह्यूचाच. क्रेव्हन यांच्या स्मरणार्थ १९६४ पासून बेल व्ह्यू येथें एक चषक ठेवण्यांत आला. हाइड रोडवरील तें जुनें मैदान १९८७ सालीं विकलें गेलें व पाडण्यांत आलें. पुढें २०१६ सालीं मँचेस्टरांत संघासाठीं नवें मैदान उभें राहिलें, तेव्हां आरंभ क्रेव्हन यांच्या चषकाच्या शर्यतींनींच करावयाचें ठरलें होतें. परंतु त्या दिवशीं मार्ग धड बसला नसल्याचें दिसून आलें, आणि स्वारांच्या जिवास धोका नको म्हणून जमलेल्या लोकांस परत पाठवून शर्यती पुढें ढकलण्यांत आल्या.