विद्वान लोहार एलिहू बरिट

जगांतील राष्ट्रांनीं आपसांत सलोख्यानें नांदावें म्हणून ज्यांनीं आपला देह झिजविला, त्यांच्या मालिकेंत अमेरिकेंतील एका लोहाराचें नांव येतें. एलिहू बरिट हें तें नांव. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतून तें क्वचितच आढळतें. जेथें लढाया जिंकणाऱ्यांनाच पानें पुरत नाहींत, तेथें लढाया टाळूं पाहणाऱ्यास कोण विचारतो? तथापि त्याचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावें असें आहे.

त्याचा जन्म ता. ८ डिसेंबर १८१० रोजीं कनेक्टिकट संस्थानांतील न्यू ब्रिटन या गांवीं झाला. बाप चांभारकाम करी व थोडी शेतीहि पाही. घरांत दहा मुलें. तेव्हां शाळेचा लाभ बेताबेतानेंच व्हावयाचा. एलिहू सतराएक वर्षांचा असतां बाप वारला आणि मुलाला एका लोहाराच्या हाताखालीं उमेदवारीस राहावें लागलें. त्याचा वडील भाऊ एलाइजा हा मास्तर होता; आकाशांतील ताऱ्यांविषयीं त्यानें लिहिलेलें पुस्तक पुढें शाळांतून फार चाललें. या भावाच्या शाळेंत एक हिंवाळा काढावयास मिळाला एवढेंच काय तें एलिहूचें प्रौढ वयांतील शिक्षण. बाकी सारें भात्यापाशीं झालें. भाता ओढतां ओढतां तो मनांत मोठमोठीं गणितें मांडी. तीन फूट रुंदीच्या कापडाच्या एकेक इंचाच्या पट्ट्या करून त्या सूर्यापासून पृथ्वीपर्यंत पोंचवावयाच्या तर किती वार कापड लागेल, असला तो हिशेब असे. संध्याकाळीं घरीं येऊन तो उत्तर सांगे व भाऊ पाटीवर ताळा पाही. गुरांच्या गळ्यांतील पितळी घंटा ओतण्याचें काम लागलें तेव्हां त्यानें ग्रीक व्याकरणाचें लहानसें पुस्तक टोपींत ठेवलें होतें. लोखंड तापेपर्यंत तें काढून तो धातूंचीं रूपें घोकी.

पुढें त्यानें वाणसामानाचें दुकान काढलें. १८३७ सालीं अमेरिकेंत व्यापाराचें दिवाळें वाजलें, त्यांत तेंहि बुडालें. तेव्हां हा गडी शंभर मैलांहून अधिक चालून बोस्टनला गेला. एखाद्या जहाजावर खलाशी होऊन परदेश गांठावा आणि पौर्वात्य भाषा शिकाव्या असा त्याचा बेत होता. तो बेत फसला; पण वूस्टर या गांवीं प्राचीन ग्रंथांचें मोठें संग्रहालय आहे असें कळतांच तो तेथें गेला आणि त्यानें दिवसाचे ठराविक तास घण व ठराविक तास पुस्तक असा क्रम बांधला. त्याला पन्नास भाषा येत होत्या असें लोक म्हणत. हा आंकडा थोडा सैलच धरावा. त्यांतील पुष्कळ भाषा तो केवळ वाचूं शके. परंतु मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एडवर्ड एव्हरेट यांनीं त्याची कीर्ति सभेंत सांगितली आणि हार्वर्ड विद्यापीठांत त्याची सोय करूं असें सुचविलें, हें खरें. बरिटनें आभार मानले आणि ऐरण सोडली नाहीं. हातानें काम करणाऱ्या लोकांतून आपण उठून गेलों तर आपल्या शब्दाचें वजन जाईल, ही त्याची खात्री होती. पुढील साऱ्या कार्याचें बीज या नकारांत आहे असें आम्हांस वाटतें.

शांततेच्या विषयाकडे तो जवळजवळ चुकूनच वळला. पृथ्वीच्या रचनेवर एक व्याख्यान द्यावें म्हणून तो तयारी करीत होता. कोठें कापूस होतो, कोठें लोखंड निघतें, कोठें चहा पिकतो, वारे व प्रवाह कसे वाहतात, हें पाहतां पाहतां त्याच्या ध्यानीं आलें कीं कोणत्याहि एका देशाला आपल्यापुरतें सर्व मिळावें अशी सृष्टीची योजनाच नाहीं. एकाची उणीव दुसऱ्यानें भरावी असेंच सारें मांडलेलें आहे. मग या लोकांनीं एकमेकांचे गळे कां कापावे ? भूगोलाचें व्याख्यान तेथल्या तेथें युद्धाविरुद्धचें व्याख्यान झालें. १८४४ पासून त्यानें वूस्टर येथें एक साप्ताहिक चालविलें व त्यांत हा विषय अखंड लावून धरला.

शांततेच्या संस्था त्याच्या पूर्वींहि होत्या. परंतु त्यांत पंडित, धर्मोपदेशक व सुखवस्तु गृहस्थ असत. त्यांचीं निवेदनें दरबारांकडे जात आणि तेथें धूळ खात पडत. बरिटची दृष्टि निराळी होती. युद्ध पुकारतात दरबार, परंतु लढावयास जातो तो शेतकऱ्याचा व लोहाराचा मुलगा, आणि तोफेचा खर्च भरतो तो मजूर. तेव्हां हे लोक समुद्रापलीकडील आपल्यासारख्याच लोकांना ओळखूं लागले तर पुष्कळ काम होईल, असें त्यानें मनाशीं धरलें.

पहिली संधि लवकरच आली. १८४६ च्या सुमारास ओरेगॉनच्या सरहद्दीवरून अमेरिका व इंग्लंड यांच्यांत कडाक्याचें वैर पेटलें. वर्तमानपत्रें युद्धाचीं रणशिंगें फुंकूं लागलीं. अशा वेळीं मँचेस्टरच्या एका क्वेकर गृहस्थाशीं त्याचा पत्रव्यवहार होता. क्वेकर पंथाचे लोक हातीं शस्त्र धरीत नाहींत, हें पुष्कळांस ठाऊक असेलच. दोघांनीं मिळून अशी युक्ति काढली कीं इंग्लंडांतील एका शहराच्या नागरिकांनीं अमेरिकेंतील एका शहराच्या नागरिकांस सरळ पत्र लिहावें: आमचें तुमच्याशीं वैर नाहीं, तुम्हीहि आमच्याशीं धरूं नका. त्यावर दुकानदार, कारागीर, पाद्री अशा सर्वांनीं सह्या कराव्या. अशीं पत्रें आलीं आणि त्यांचीं उत्तरेंहि गेलीं. एडिंबरोचें पत्र घेऊन बरिट स्वतः वॉशिंग्टनला गेला व तेथील सिनेटरांना तें त्यानें दाखविलें. कॅल्हून यांच्यासारख्या वजनदार पुढाऱ्यानें त्यांत आस्था दाखविली. त्याच वर्षीं जून महिन्यांत तह झाला. तो या पत्रांनींच घडवून आणला असें म्हणणें धाडसाचें होईल. मेक्सिकोशीं युद्ध जुंपलें असतां अमेरिकेला दुसरें युद्ध परवडतहि नव्हतें. परंतु दोन देश भांडत असतां त्यांच्या नागरिकांनीं सरकारांस वगळून एकमेकांस नमस्कार धाडावा, हा प्रकार त्या काळीं नवाच होता.

त्या वर्षीं बरिट इंग्लंडला गेला आणि पायीं फिरूं लागला. पायीं चालण्याची त्याला मोठी आवड. वाटेंत भेटेल त्या गाडीवानाशीं, माळ्याशीं तो बोलत जाई. जुलै महिन्यांत पर्शोर नांवाच्या गांवीं त्यानें एका प्रतिज्ञापत्रावर पहिल्या सह्या घेतल्या. सह्या करणारे मूठभर साधे लोक होते. आपण कोणत्याहि सैन्यांत वा आरमारांत दाखल होणार नाहीं, युद्धाला वा युद्धाच्या तयारीला आपण होऊन मदत करणार नाहीं, आणि देश, वर्ण किंवा स्थिति कोणतीहि असो, प्रत्येक मनुष्य हा आपला भाऊ आहे असें मानूं, असा त्या प्रतिज्ञेचा आशय होता. यांतूनच विश्वबंधुत्व संघ निघाला. थोड्याच वर्षांत इंग्लंड व अमेरिका मिळून हजारों स्त्रीपुरुषांनीं या प्रतिज्ञेवर नांव घातलें. वर्गणीची सक्ति नव्हती, विद्वत्तेची अट नव्हती. मात्र प्रतिज्ञा सोपी नव्हती. गुलामांना राबवून पिकविलेला कापूस व साखर घेऊं नये असेंहि बरिट सांगे, आणि तें पाळावयाचें म्हणजे स्वस्त माल सोडून महाग माल घ्यावयाचा.

१८४७ च्या आरंभीं तो आयर्लंडमध्यें गेला. बटाट्याचें पीक रोगानें बुडून तेथें भीषण दुष्काळ पडला होता. स्किबरीन या भागांत त्यानें जें पाहिलें, त्याची रोजनिशी त्यानें तेथल्या तेथें लिहून छापविली व अमेरिकेच्या लोकांस मदतीची हांक घातली. त्या वसंतऋतूंत बोस्टनहून 'जेम्सटाऊन' हें लढाऊ जहाज तोफांऐवजीं धान्य भरून आयर्लंडकडे निघालें.

यापुढचें काम मुख्यतः स्त्रियांनीं केलें, आणि तें आम्हांस सर्वांत रम्य वाटतें. नोहाच्या तारवाकडे कबुतरानें जैतुनाचें पान आणल्याची कथा आपण वाचली आहे. त्या पानाचें नांव घेऊन इंग्लंडांतील गांवोगांवच्या स्त्रियांनीं मंडळें काढलीं. त्यांची संख्या शंभराच्या वर गेली. कोणा एकीच्या दिवाणखान्यांत त्या जमत, शिवणकाम व भरतकाम करीत, आणि एक जण वाचून दाखवी. तयार झालेल्या वस्तु बाजार भरवून विकल्या जात. त्या पैशांतून काय करावयाचें ? तर फ्रान्स, जर्मनी इत्यादि देशांतील वर्तमानपत्रांत जागा विकत घेऊन तेथें सलोख्याचे लहान लहान लेख त्या त्या भाषेंत छापवावयाचे. मसुदे बरिट पुरवी. ज्या वर्तमानपत्रांत एरव्हीं शेजारच्या राष्ट्राची निंदा यावयाची, त्याच पानावर दर महिन्यास हें जैतुनाचें पान येऊं लागलें. स्त्रियांना त्या काळीं मत नव्हतें, सभेंत बोलण्याचीहि फारशी मुभा नव्हती. परंतु सुई व दोरा कोणी काढून घेऊं शकत नव्हतें.

दुसरी त्याची खटपट टपालाची. इंग्लंडांत १८४० पासून एका पेनींत पत्र देशभर जाई. परंतु तेंच पत्र अमेरिकेस पाठवावयाचें तर एक शिलिंग लागे. इंग्रज शेतमजुराची मजुरी तेव्हां आठवड्यास आठ-दहा शिलिंग होती. ज्या आयरिश आईचा मुलगा समुद्रापार गेला, तिनें त्याला पत्र लिहावयाचें म्हणजे एका दिवसाच्या भाकरीचा मोठा हिस्सा द्यावयाचा. बरिटचें म्हणणें असें कीं समुद्रावरील प्रवासाला एकच पेनी आकारावी. या मागणीसाठीं तो वर्षानुवर्षें गांवोगांव व्याख्यानें देत हिंडला. अर्ज गेले, चित्रांचे लिफाफे छापून विकले गेले. कोणाला वाटेल, टपालाचा दर आणि जगाची शांतता यांचा संबंध काय ? परंतु आईचीं पत्रें ज्या देशांतून येतात त्या देशावर तोफ डागावयास हात सहसा उठत नाहीं, असा त्याचा साधा हिशेब होता. इंग्लंड व अमेरिका यांच्यांत एका पेनीचा दर अखेर १९०८ सालीं सुरू झाला.

मोठ्या परिषदाहि त्यानें घडवून आणल्या. १८४८ त ब्रुसेल्स, १८४९ त पॅरिस, १८५० त फ्रँकफुर्ट व १८५१ त लंडन येथें त्या भरल्या. पॅरिसच्या परिषदेचें अध्यक्षस्थान व्हिक्टर ह्यूगो यांनीं स्वीकारलें होतें. राष्ट्रांची एक सभा असावी आणि त्यांच्या तंट्यांसाठीं एक न्यायालय असावें, हा विचार बरिट प्रत्येक परिषदेंत मांडी. याविषयीं इतर ग्रंथांतून पुष्कळ वाचावयास मिळतें, म्हणून येथें लांबण लावीत नाहीं. १८५२ च्या सुमारास इंग्लंडवर फ्रान्सची स्वारी येणार अशी हूल उठली, तेव्हां इंग्रज शहरांचीं स्नेहपत्रें पिशवींत घालून तो स्वतः फ्रान्समधील शहराशहरांतून तीं पोंचवीत फिरला, हें मात्र सांगितलें पाहिजे.

आणि मग १८५४ सालीं इंग्लंड क्रिमियाच्या युद्धांत उतरलें. काल ज्यांनीं प्रतिज्ञेवर सही केली त्यांतील पुष्कळ जण आज विजयाच्या बातम्या वाचावयास धांवूं लागले. शांततावादी म्हणजे देशद्रोही असें लोक उघड बोलूं लागले. संघ क्षीण होत गेला. बरिट अमेरिकेस परतला तों तेथें त्याहून मोठें संकट वाढत होतें. गुलामगिरीचा त्याला मनस्वी तिटकारा होता. परंतु ती तलवारीवांचून नष्ट व्हावी ही त्याची तळमळ. सरकारी पडीक जमिनी विकून तो पैसा धन्यांस द्यावा आणि गुलाम मुक्त करावे, अशी योजना घेऊन तो हजारों मैल फिरला, व १८५७ त क्लीव्हलँड येथें त्यासाठीं सभा भरविली. गुलामगिरीचे कट्टर विरोधक त्याच्यावर उसळले. ज्यानें माणूस चोरला त्यालाच वर पैसे द्यावयाचे काय, हा त्यांचा सवाल होता. आणि प्रामाणिकपणें बोलावयाचें तर तो सवाल निरुत्तर करणारा आहे. दक्षिणेकडील धन्यांनींहि ही योजना मनावर घेतली नाहीं. १८६१ त यादवी युद्ध पेटलें आणि सहा लाखांवर माणसें त्यांत पडलीं. गुलाम मुक्त झाले. अमेरिकेंतील जुन्या शांतता-संस्थेनेंहि हें युद्ध नव्हे, बंडाचा बंदोबस्त आहे, असें म्हणून मन समजाविलें. बरिटला तसें म्हणवेना. ज्या गोष्टीची त्यानें जन्मभर इच्छा केली ती, ज्या मार्गाचा त्यानें जन्मभर निषेध केला त्या मार्गानें झाली. त्याच्या जुन्या स्नेह्यांत या वेळीं त्याच्या बाजूचे फार थोडे उरले. तो आपल्या लहानशा शेतावर राबत राहिला.

१८६३ त तो पुन्हा इंग्लंडला गेला आणि लंडनपासून स्कॉटलंडच्या उत्तर टोंकापर्यंत पायीं चालला. वाटेंतील शेतें, गुरें व शेतकरी यांविषयीं त्यानें त्या प्रवासावर पुस्तक लिहिलें. पुढें लिंकननें त्याला बर्मिंगहॅम येथें अमेरिकेचा कॉन्सल नेमलें. लोखंडाच्या कारखान्यांनीं भरलेल्या त्या शहरांत हा लोहार कांहीं वर्षें सुखानें राहिला. १८७२ सालीं इंग्लंड व अमेरिका यांचा 'अलाबामा' जहाजाविषयींचा जुना तंटा जिनीव्हा येथें पंचांपुढें मिटला आणि इंग्लंडनें दीड कोटी डॉलरांवर नुकसानभरपाई सोसली, हें पाहावयास तो जिवंत होता.

तो अविवाहित राहिला. शेवटचीं वर्षें त्यानें न्यू ब्रिटन येथेंच काढलीं. भाषांची गोडी म्हातारपणींहि सुटली नाहीं. घरच्या माणसांनीं शेकोटीजवळ बसून शिकावी अशी संस्कृत भाषेची एक पुस्तिका त्यानें या दिवसांत लिहिली. ज्या भाषेसाठीं तरुणपणीं तो खलाशी होऊन समुद्र ओलांडावयास निघाला होता, त्या पूर्वेकडील भाषांपैकीं एक ती आपल्या गांवांतल्या लोकांच्या हातीं देऊन, ता. ६ मार्च १८७९ रोजीं, त्यानें देह ठेवला.