पंडिता रमाबाई : बाप्तिस्मा आणि निराधार मातांविषयीची भूमिका

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक आणि बायबलच्या मराठी भाषांतरकार होत्या. त्यांचे धर्मांतर आणि समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी केलेले कार्य यांचा विचार बहुधा वेगवेगळा केला जातो. वस्तुतः या दोन गोष्टींचा उगम एकाच अनुभवात आहे.

पूर्वायुष्य

रमाबाईंचा जन्म पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले होते. रमाबाई ती विद्या मुख्यतः आईकडूनच शिकल्या. दुष्काळात आईवडील गेले. बंधू श्रीनिवास यांच्यासह भ्रमण करीत त्या १८७८ मध्ये कोलकात्यास पोहोचल्या आणि तेथे त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या उपाधी मिळाल्या. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी आंतरजातीय नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि पुढच्याच वर्षी पतीचे पटकीने निधन झाले.

वाँटेज येथील बाप्तिस्मा

पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करून रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाकडे राहिल्या. जाताना धर्म बदलण्याचा त्यांचा विचार नव्हता. लंडनच्या फुलहॅम भागात या भगिनींचे एक सेवाकेंद्र होते. ज्यांना समाज ‘पतित’ म्हणून दूर लोटतो, अशा स्त्रियांना तेथे आश्रय मिळे. त्यांच्याशी बोलताना भगिनींच्या वागण्यात तिरस्कार नाही, हे पाहून रमाबाई चकित झाल्या. लहानपणापासून वाचलेल्या धर्मशास्त्रात अशा स्त्रीसाठी केवळ प्रायश्चित्त आणि बहिष्कार होता. या वागणुकीचे मूळ त्यांनी विचारले, तेव्हा येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीचा योहानकृत शुभवर्तमानातील प्रसंग त्यांना वाचून दाखविण्यात आला. नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनानेही त्यांच्या बुद्धीला पटवून दिले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच दिवशी मनोरमेलाही तो देण्यात आला.

मायलेकींच्या या दोन विधींत मात्र मूलभूत फरक होता. आईने स्वतःच्या मुखाने विश्वास प्रकट केला. अडीच वर्षांच्या मुलीच्या वतीने वचन दिले ते इतरांनी. बालबाप्तिस्म्याच्या पद्धतीत बालकाने पुढे कोणत्या शिकवणुकीत वाढावे, याची जबाबदारी धर्ममाता-धर्मपित्यांवर आणि चर्चवर येते. वादाचे बीज येथेच होते. सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. परंतु त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार आणि मनोरमेचे धर्मशिक्षण यांवरून दोघींत कठोर पत्रव्यवहार झाला. चर्चची शिकवण निमूटपणे स्वीकारावी, अशी सिस्टरांची अपेक्षा होती. एका पुरोहितवर्गाच्या सत्तेतून सुटून दुसऱ्याच्या सत्तेखाली जाणे रमाबाईंना मान्य नव्हते. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या ग्रंथात उपलब्ध आहे. जिज्ञासू विद्यार्थ्यांनी तो अवश्य वाचावा. मतभेद असूनही माया कशी टिकते, हे त्यात दिसते.

रमाबाईंनी बालबाप्तिस्मा नाकारला, असे मात्र म्हणता येत नाही. त्यांचा आक्षेप विधीलाच सर्वस्व मानण्यावर होता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. दीक्षित धर्मगुरू असूनही हॅसलम यांना आपल्यात खरी श्रद्धा नसल्याची जाणीव झाली होती, आणि स्वतःचेच प्रवचन देत असताना त्यांचे मनःपरिवर्तन झाले. आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, हे रमाबाईंना तेव्हा उमगले, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत नमूद केले आहे.

शारदा सदन ते कृपा सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. तेथील विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. ‘केसरी’ने कडक टीका केली आणि रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

विधवेला दिवस गेले तर भ्रूणहत्या, आत्महत्या किंवा तीर्थक्षेत्री परागंदा होणे, एवढेच मार्ग त्या काळी तिच्यापुढे असत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते याच कारणाने. रमाबाईंनी भिकारणीच्या वेशात वृंदावनात जाऊन तेथील विधवांचे शोषण स्वतः पाहिले. १८९६च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या. त्यांत कुटिल माणसांच्या हाती सापडलेल्याही होत्या. दौंडजवळील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले आणि फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ हा विभाग निघाला. हे नाव अर्थपूर्ण आहे : कृपा ही योग्यता पाहून मिळत नसते.

तरीही एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. कृपा सदनातील स्त्रियांना इतर मुलींपासून वेगळे ठेवले जाई. कलंकाची समाजमान्य कल्पना रमाबाईंनाही पूर्णतः ओलांडता आली नाही, असे यावरून म्हणता येईल.

अखेरची वर्षे

केडगावच्या छापखान्यात स्त्रियाच खिळे जुळवीत. हिब्रू व ग्रीक मुळांवरून केलेले बायबलचे सुबोध मराठी भाषांतर तेथेच छापले गेले. संस्थेची धुरा जिच्याकडे सोपवायची, ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी निवर्तली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आतच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले.