मीर उस्मान अली खान : औदार्य आणि न्याय

वाचकहो, परभणी जिल्ह्यातील एखाद्या गावाचे जुने जमीन-दप्तर आपण चाळले, तर खिदमतमाश हा शब्द आपणांस आढळेल. मशीद, दर्गा किंवा मंदिर यांची सेवा खंडित होऊ नये म्हणून हैदराबाद रियासतीत ज्या जमिनी इनाम दिल्या गेल्या, त्यांचे हे नाव. मशिदीच्या सेवेसाठीची जमीन आणि मंदिराच्या सेवेसाठीची जमीन या दोन्हींना दप्तरात एकच शब्द होता. राज्याच्या तिजोरीचा आणि धर्मस्थळांचा संबंध कसा असावा, हा प्रश्न आजही आपल्यापुढे आहे. म्हणून ज्यांच्या राजवटीत आपले आजोबा-पणजोबा वावरले, त्या सातव्या निजामांच्या जीवनाकडे आपण या दृष्टीने पाहू या.

मीर उस्मान अली खान यांचा जन्म ६ एप्रिल १८८६ रोजी हैदराबाद येथे झाला. पिता मीर महबूब अली खान यांच्या निधनानंतर १९११ मध्ये ते गादीवर आले. त्यांच्या राज्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे होते. तेलुगू व कन्नड जिल्हे वेगळेच. प्रजेत मुसलमानांचे प्रमाण साधारणतः आठांत एक इतके होते. म्हणजे शासक ज्या धर्माचा, त्या धर्माचे लोक संख्येने थोडे होते, आणि जे संख्येने पुष्कळ होते, त्यांच्या हाती सत्ता नव्हती. त्या राज्यात दुर्बळ बाजू कोणती, हे ठरविताना आपण डोकी न मोजता अधिकार कोणाकडे होता ते पाहिले पाहिजे.

हा राजा जगातील सर्वांत श्रीमंत पुरुष मानला जाई, तरी स्वतःची राहणी अत्यंत साधी ठेवी. त्यांच्या कारकिर्दीत १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले, रुग्णालये व जलाशय झाले. देणग्या देताना त्यांनी केवळ आपल्याच समाजाचा विचार केला नाही. अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाला त्यांनी साहाय्य केले, तसेच बनारसच्या हिंदू विद्यापीठालाही केले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रचंड कार्य हाती घेतले, तेव्हा १९३२ पासून अकरा वर्षे दरसाल १००० रुपयांचे अनुदान हैदराबादहून मंजूर झाले. त्या संस्थेतील अतिथिगृह आजही निजामांच्या नावाने ओळखले जाते.

अजिंठ्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ती लेणी बौद्धांची, आणि रियासतीत त्या काळी बौद्ध प्रजा जवळजवळ नव्हतीच. त्यांच्यासाठी खर्च केल्याने राजाला कोणाचाही पाठिंबा मिळणार नव्हता. तरीही १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन झाले, गुलाम यझदानी यांच्याकडे त्याची धुरा सोपविण्यात आली, आणि ढासळू लागलेली भित्तिचित्रे वाचविण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावण्यात आले. आज जग ती चित्रे पाहते, त्यात या खर्चाचा वाटा आहे.

इस्लामच्या शिकवणुकीत राज्याची तिजोरी ही शासकाची मालमत्ता नसून अल्लाहची अमानत आहे. हजरत उमर (रजि.) यांनी एका वृद्ध मुस्लिमेतर नागरिकाला भीक मागताना पाहिले आणि त्याच्यासाठी व त्याच्यासारख्या इतरांसाठी बैतुलमालमधून निर्वाह ठरवून दिला, हे आपण जाणताच. त्या घटनेचे मर्म ध्यानी घ्या. खलिफांनी त्याला दया म्हणून चार नाणी दिली नाहीत. तरुणपणी त्याच्याकडून कर घेतला, तर म्हातारपणी त्याला वाऱ्यावर सोडणे अन्याय ठरेल, अशी त्यांची भूमिका होती. त्याला जे मिळाले ते त्याचे देणे होते.

याच कसोटीवर निजामांची राजवट घासून पाहिली, म्हणजे तिचे उणेपण दिसते. औदार्य होते, परंतु ते राजाच्या मर्जीवर अवलंबून होते. धर्मविषयक कारभार पाहणारे उमूर-ए-मजहबी हे खाते मंदिरांच्या इनामांची व्यवस्था पाही आणि त्याच खात्याची परवानगी नव्या मंदिराच्या बांधकामाला लागे. ती मिळण्यास विलंब होतो, सार्वजनिक धर्मकार्यावर बंधने येतात, अशी हिंदू प्रजेची तक्रार होती. मराठी, तेलुगू वा कन्नड बोलणाऱ्या मुलाला विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतूनच घ्यावे लागे. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. पुढे १९३८-३९ मध्ये स्टेट काँग्रेसचा आणि आर्य समाजाचा सत्याग्रह झाला. राज्याने सुधारणा जाहीर केल्या, पण प्रजेला जबाबदार शासन काही मिळाले नाही. देणगीने हक्काची भूक भागत नाही, हे राजाला कळले नाही, किंवा कळूनही वळले नाही.

त्यानंतरचे पर्व वेदनेचे आहे. १९४७ नंतर लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकारांनी जो उच्छाद मांडला, त्याला राजाने आवर घातला नाही. शोएबुल्लाह खान या मुसलमान संपादकाने त्याविरुद्ध लेखणी चालविली आणि ऑगस्ट १९४८ मध्ये प्राण गमावले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी रियासतीचा स्वतंत्र कारभार संपला. पाठोपाठ मराठवाड्यातील अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूडाचे घाव पडले. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने भारत सरकारला त्याचा अहवाल दिला. एकाच्या जुलुमाची शिक्षा दुसऱ्याला देणे हाही जुलूमच आहे. कोणाच्या वैरापायी न्याय सोडू नका, असा कुरआनचा आदेश सूरह माइदामध्ये आहे, आणि तो दोन्ही प्रसंगांना सारखाच लागू पडतो.

मीर उस्मान अली खान १९५० ते १९५६ हैदराबाद राज्याचे राजप्रमुख राहिले. १९५४ मध्ये त्यांनी आपल्या खासगी संपत्तीतून धर्मादाय न्यास स्थापन केला. २४ फेब्रुवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले आणि हैदराबादच्या मस्जिद-ए-जूदी येथे त्यांना दफन करण्यात आले. इनामे रद्द करणारा कायदा झाला, तेव्हाही धार्मिक व धर्मादाय संस्थांची इनामे त्यातून वगळण्यात आली. म्हणूनच खिदमतमाश हा शब्द दप्तरात टिकून आहे.

वाचकहो, आज आपण संख्येनेही थोडे आहोत आणि सत्तेतही. राज्यघटनेच्या २७ व्या अनुच्छेदानुसार एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कोणावरही कर लादता येत नाही. ३० व्या अनुच्छेदानुसार शिक्षणसंस्थेला अनुदान देताना ती अल्पसंख्याकांची आहे म्हणून शासनाला भेदभाव करता येत नाही. हे कोणा राजाचे फर्मान नव्हे, तो आपला हक्क आहे. निवेदन देताना मेहरबानीची भाषा सोडा, नियमाची भाषा बोला. आणि जे आपल्यासाठी मागाल, ते शेजारच्या मंदिरासाठी, विहारासाठी, चर्चसाठीही मागा.

तसेच आपल्या हाती जे आहे, त्याचाही हिशेब ठेवा. गावच्या मशिदीची खिदमतमाश जमीन कोण कसतो, तिचे उत्पन्न कोठे जाते, विधवा व अनाथ यांच्यापर्यंत त्यातले काही पोहोचते काय, हे विचारण्याचे धैर्य आपल्या जमाअतीत असले पाहिजे. शासनाकडे न्याय मागणाऱ्याने आपल्या घरातील अमानतीत खोट येऊ देऊ नये. निजाम असो वा मुतवल्ली, प्रत्येकाला अमानतीचा जाब एकाच दरबारात द्यावयाचा आहे. अल्लाह आपणा सर्वांना न्यायावर स्थिर राहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.