मार्कोनी आणि जहाजावरची अँटेना
गुग्लिएल्मो मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे झाला. संदेश दूर पोचवायला नुसती शक्ती पुरत नाही, प्रक्षेपक आणि अँटेना यांचा मेळ बसावा लागतो, हे त्यांनी ओळखले. त्यासाठी १९०० मध्ये त्यांनी ७७७७ क्रमांकाचे ब्रिटिश पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी त्यांचा संदेश अटलांटिकपार गेला. १९०९ मध्ये त्यांना ब्राउन यांच्यासह नोबेल मिळाले. १९१२ मध्ये बुडत्या ‘टायटॅनिक’वरील मार्कोनी यंत्राची हाक ‘कार्पेथिया’ने ऐकली आणि सुमारे सातशे जीव वाचले. १९२७ मध्ये खडकी व दौंड येथील केंद्रांतून इंग्लंडशी सुरू झालेली बिनतारी सेवाही त्यांच्याच कंपनीच्या पद्धतीची होती. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले.

त्या काळी मेळ पाहण्यासाठी अँटेनाच्या तारेतला विद्युतप्रवाह मोजत. आज बोटीवर एसडब्ल्यूआर मीटर लावतात. आकडा १ आला तर जुळणी उत्तम. २ आला तर सुमारे ११ टक्के शक्ती अँटेनाकडून परत फिरते. खाऱ्या हवेने गंजलेल्या जोडामुळे हा आकडा वाढू शकतो. म्हणून ही मोजणी बंदर सोडण्याआधीच करावी. भर समुद्रात मदतीची हाक त्यावरच अवलंबून असते.