हाजी मुहम्मद मोहसिन : नऊ हिश्शांचा वक्फ

वाचकहो, आपल्या समाजात देणाऱ्या हातांची वाण नाही. रमजानमध्ये थैल्या मोकळ्या होतात. परंतु ईद सरून चार महिने लोटले की तीच विधवा पुन्हा त्याच दारी उभी दिसते. दान खरे होते, नियतही शुद्ध होती; उणीव होती ती योजनेची. ही उणीव ज्यांनी ओळखली, त्या हाजी मुहम्मद मोहसिन यांचे चरित्र म्हणूनच आपण जाणून घ्यावे.

त्यांचा जन्म बंगालमधील हुगळी येथे 1732 च्या सुमारास झाला. तारुण्यात त्यांनी प्रदीर्घ प्रवास केला. हज केले, अरबस्तान, इराक व इराण पाहिले. मन्नुजान खानम ही त्यांची वडील सावत्र बहीण. ती विधवा व निपुत्रिक होती. 1803 मध्ये तिचे निधन झाले आणि तिची विस्तीर्ण जमीनदारी मोहसिन यांच्याकडे आली. सत्तरी ओलांडलेल्या या अविवाहित माणसाला स्वतःसाठी काहीच नको होते.

अशा वेळी आपण काय केले असते? कदाचित सारे एकदाच वाटून टाकले असते. मोहसिन यांनी मात्र 1806 मध्ये वक्फनामा केला. मूळ मालमत्ता विकायची नाही, वारसांत वाटायची नाही. केवळ उत्पन्न खर्चायचे, हे वक्फचे तत्त्व. त्यांनी उत्पन्नाचे नऊ हिस्से केले. तीन धार्मिक कार्यांसाठी व इमारतींच्या दुरुस्तीसाठी, चार निवृत्तिवेतने, वेतने व दानधर्मासाठी आणि दोन मुतवल्लींसाठी. सांभाळणाऱ्याचा मोबदलाही त्यांनी आधीच ठरवून ठेवला होता. 1812 मध्ये ते अल्लाहच्या दरबारी रुजू झाले.

पुढची कथा मात्र सावध करणारी आहे. मुतवल्लींच्या हातून गैरव्यवहार झाला आणि सरकारने व्यवस्था आपल्या हाती घेतली. त्याच निधीतून 1836 मध्ये हुगळीचे महाविद्यालय उभे राहिले. न्यायमूर्ती सय्यद अमीर अली तेथेच शिकले. तथापि तेथे मुस्लिम विद्यार्थी थोडेच होते. अखेर 1873 मध्ये हा निधी मुस्लिमांच्या शिक्षणाकडे वळवण्यात आला; त्यातून मदरसे चालले, गरीब मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या.

वाचकहो, या चरित्रातून दोन गोष्टी गाठीशी बांधाव्यात. पहिली, आजची भूक भागवणारा सदका हवाच. पण त्याच्याबरोबर उद्याची भूक टाळणारा सदका-ए-जारियाही हवा. दुसरी, वक्फ करणाऱ्याची नियत कितीही निर्मळ असो, हिशेब मागणारी जमात जागी नसेल तर अमानत हातची जाते. आपल्या मोहल्ल्यात अशी एखादी वक्फ जमीन, एखादे दुकान असेल. त्याचे भाडे किती येते आणि कुणापर्यंत पोहोचते, हे येत्या जुम्याला अदबीने विचारावे. विचारणे हा अविश्वास नव्हे. अमानतीच्या रक्षणात तो आपला वाटा आहे.