जुन्या दगडांचा राखणदार : पीटर ऑर्लँडो हचिन्सन

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डेव्हन परगण्यात, सिडमथ नावाचे एक टुमदार गाव आहे. दोन्ही बाजूंना तांबड्या मातीचे उंच कडे, मधून समुद्राला मिळणारी सिड नावाची लहानशी नदी, आणि तिच्या मुखाशी वसलेली वस्ती. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सशी युद्ध जुंपले आणि इंग्लंडमधील सधन लोकांना युरोपात हवापालटासाठी जाता येईना. तेव्हा त्यांची पावले अशा किनाऱ्यावरील गावांकडे वळली. मासेमारांचे सिडमथ हळूहळू विश्रांतीसाठी येणाऱ्यांचे नगर झाले. १८१९ च्या डिसेंबरात ड्यूक ऑफ केंट आपल्या पत्नीसह व तान्ह्या मुलीसह येथे राहावयास आले. महिनाभरातच, २३ जानेवारी १८२० रोजी, ते येथेच मरण पावले. ती मुलगी अवघी आठ महिन्यांची होती. पुढे तीच व्हिक्टोरिया राणी झाली.

अशा गावाला पाहुणे पुष्कळ लाभतात. परंतु त्याची आठवण जपणारा माणूस क्वचितच लाभतो. पाहुणा वर्तमानात रमतो आणि गावकरी पाहुण्यांच्या सरबराईत. सिडमथचे भाग्य असे, की त्याला पीटर ऑर्लँडो हचिन्सन लाभले.

हचिन्सन यांचा जन्म १७ नोव्हेंबर १८१० रोजी विंचेस्टर येथे झाला. वडील वैद्यकीय व्यवसाय करीत. १८२५ साली हे कुटुंब सिडमथला आले, तेव्हा पीटर चौदा वर्षांचे होते. आदल्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दक्षिण किनाऱ्यावर भयंकर वादळ झाले होते. सिडमथच्या पश्चिमेस पाण्यात उभा असलेला चिट रॉक नावाचा खडक पिढ्यान्‌पिढ्या गावाची खूण होता. तो त्या एका रात्रीत नाहीसा झाला. जी गोष्ट कालपर्यंत सर्वांच्या डोळ्यांसमोर होती ती आज फक्त सांगण्यापुरती उरावी, हा धडा या मुलाने गावात पाऊल ठेवताच ऐकला असेल.

या घराण्याची कहाणी मात्र सिडमथहून फार दूर, अटलांटिक महासागरापलीकडे, सुरू होते. सतराव्या शतकात अॅन हचिन्सन ही धर्मनिष्ठ स्त्री इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्स वसाहतीत गेली. बोस्टन येथील आपल्या घरी ती उपदेशांवर चर्चा करण्यासाठी सभा भरवीत असे. देवाच्या कृपेविषयीची तिची मते तेथील पाळकांना व अधिकाऱ्यांना मानवली नाहीत. १६३७ साली तिच्यावर खटला झाला आणि पुढील वर्षी तिला वसाहत सोडून जावे लागले. तिच्याच वंशातील टॉमस हचिन्सन त्या वसाहतीचे गव्हर्नर झाले. ते इतिहासकारही होते. मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासाचा पहिला खंड त्यांनी १७६४ साली प्रसिद्ध केला. दुसऱ्याचे लेखन चालू असताना, २६ ऑगस्ट १७६५ च्या रात्री, स्टँप कायद्यामुळे खवळलेल्या जमावाने त्यांचे बोस्टनमधील घर फोडले. सामान लुटले गेले, भिंती पाडल्या गेल्या आणि हस्तलिखिताची पाने रस्त्यावरील चिखलात फेकली गेली. तेव्हा अँड्रू एलियट नावाच्या एका पाळकांनी ती चिखलातली पाने वेचून आणली. त्यांच्या या कष्टामुळेच दुसरा खंड १७६७ साली निघू शकला.

१७७४ साली गव्हर्नर हचिन्सन इंग्लंडला आले, ते पुन्हा मायदेशी कधीच परतले नाहीत. जून १७८० मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या बोस्टनने पूर्वी अॅनला घालवून दिले होते, त्याच बोस्टनने तिच्या वंशजालाही परके केले. त्यांच्या इतिहासाचा तिसरा खंड १८२८ साली, त्यांच्या नातवाच्या हातून, प्रकाशात आला. पीटर हे या गव्हर्नरांचे पणतू. कागदाचे मोल या घराण्याने चिखलातून शिकलेले होते, आणि पणतूच्या साऱ्या आयुष्यात ते दिसून येते.

हचिन्सन यांनी लग्न केले नाही. नोकरी वा धंदा यांतही ते पडले नाहीत. बेताच्या उत्पन्नावर साधेपणाने राहावे, पायी हिंडावे, पाहावे, मोजावे, रेखाटावे आणि लिहून ठेवावे, हाच त्यांचा जीवनक्रम झाला. १८३९ च्या नाताळाच्या आदल्या रात्री अॅक्समथजवळ किनाऱ्याचा मोठा भूभाग घसरला. शेतेच्या शेते समुद्राकडे सरकली आणि मागे प्रचंड दरी पडली. त्या सरकलेल्या जमिनीवर पेरलेला गहू तसाच वाढला आणि पुढच्या उन्हाळ्यात लोकांनी तो समारंभाने कापला. या घटनेची माहिती देणारी पुस्तिका हचिन्सन यांनी १८४० साली लिहिली. त्यानंतर सिडमथच्या भूगर्भरचनेवर त्यांचे पुस्तक निघाले आणि १८५७ साली गावाची नवी मार्गदर्शिकाही आली. नेच्यांपासून प्राचीन थडग्यांच्या उंचवट्यांपर्यंत त्यांना कोणताच विषय वर्ज्य नव्हता. समुद्रकाठी सापडलेले प्राचीन हत्तीचे दात, टेकड्यांवरील तटबंद्या, यांविषयी डेव्हनशायर असोसिएशन या विद्वत्संस्थेच्या वार्षिकांत त्यांनी लेख लिहिले. जेथे जात तेथे त्यांच्याजवळ जलरंगांचे साहित्य असे. पडावयास आलेले घर, वाकलेला पूल, चर्चमधील कोरीव खांब यांची चित्रे त्यांच्या वह्यांत उतरत गेली. चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी रोजनिशी लिहिली.

त्यांच्या आयुष्यातील जो प्रसंग आपणा मंडळीच्या लोकांना विशेष विचार करावयास लावील तो आता सांगतो.

सिडमथचे पॅरिश चर्च मध्ययुगीन होते. गावाची वस्ती वाढली, पाहुण्यांची भर पडली आणि रविवारच्या उपासनेला जागा पुरेना. अखेर चर्च नव्याने बांधण्याचे ठरले. १८५९-६० मध्ये विल्यम व्हाइट या वास्तुविशारदांच्या देखरेखीखाली हे काम झाले. पंधराव्या शतकातील मनोरा राखला गेला, पण जुने चान्सेल, म्हणजे वेदी जेथे असते तो पूर्वेकडील भाग, पाडावयाचे ठरले. हचिन्सन यांना हा निर्णय मुळीच पटला नाही. ज्या भिंतींच्या आत शतकानुशतके गावाने गुडघे टेकले, त्या भिंती आपल्या सोयीसाठी जमीनदोस्त करण्याचा अधिकार एका पिढीला कोणी दिला, असे त्यांना वाटे. त्यांचा विरोध चालला नाही. चान्सेल पाडले गेले.

येथे दुसरा कोणी असता, तर रुसून घरी बसला असता, किंवा वर्तमानपत्रांतून भांडत राहिला असता. हचिन्सन यांनी निराळा मार्ग धरला. पाडलेल्या चान्सेलचे दगड व खिडक्यांच्या चौकटी त्यांनी स्वतः विकत घेतल्या आणि चर्चपासून जवळच, कोबर्ग टेरेस येथील आपल्या जागेवर ते चान्सेल पुन्हा उभे केले. पुढे अनेक वर्षे थोडी थोडी भर घालीत त्यांनी त्याला जोडून आपले राहते घर बांधले. आतील लाकडावरचे कोरीव काम व छतांवरील रंगकाम यांवर त्यांनी स्वतः हात चालविला. त्या घराला त्यांनी नाव दिले ‘ओल्ड चान्सेल’, आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत ते तेथेच राहिले.

या वादात कोणाचे बरोबर होते? मंडळी वाढत असेल तर बाहेर उभ्या राहिलेल्या माणसासाठी भिंत मागे सरकवलीच पाहिजे. उपासनामंदिर हे संग्रहालय नव्हे. पाडणाऱ्यांचे हे म्हणणे खोटे म्हणता येत नाही. पण पूर्वजांनी श्रद्धेने उभारलेली वस्तू हाताळताना मन थरथरलेच नाही तर ती श्रद्धाही आपल्या हातून निसटते, हे हचिन्सन यांचे म्हणणेही तितकेच खरे. त्यांचा स्वभाव हट्टी होता, हे उघड आहे. तथापि त्यांच्या हट्टाची किंमत त्यांनी दुसऱ्याला मागितली नाही. ती स्वतःच्या खिशातून व स्वतःच्या श्रमांतून चुकती केली. टाकून दिलेल्या दगडाविषयी पवित्र शास्त्रात काय म्हटले आहे ते वाचकांना ठाऊकच आहे. ते वचन अर्थात दुसऱ्या व महान व्यक्तीविषयी आहे. तरी टाकलेल्या दगडांकडे दुसऱ्यांदा पाहण्याची सवय ज्याला आहे, त्याला ते वचन अधिक जवळचे वाटेल.

उतारवयात त्यांनी दोन मोठी कामे तडीस नेली. पहिले, पणजोबांच्या रोजनिशीचे व पत्रांचे संपादन. ते दोन खंडांत, १८८३ व १८८६ साली, लंडनहून प्रसिद्ध झाले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची कथा बहुधा जिंकणाऱ्यांच्या बाजूने सांगितली जाते. देशद्रोही ठरवल्या गेलेल्या एका माणसाची व्यथा त्याच्या स्वतःच्या कागदांतून जगापुढे आली, ती या संपादनामुळे. त्या घराण्याचे कागद आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दुसरे काम म्हणजे सिडमथचा इतिहास. पाच खंड, सारे हस्तलिखित, सोबत स्वतः काढलेली चित्रे. जमिनीचे जुने दस्तऐवज, मठांच्या ताब्यातील जहागीर, चर्चमधील नोंदी, थडग्यांवरील लेख, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडच्या आठवणी, हे सारे त्यांत आले. आयुष्यभराच्या कष्टाचा हा ग्रंथ त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. तो छापलेला पाहण्याचे सुख त्यांना लाभले नाही. तरीही त्यांनी तो पूर्ण केला.

भाषांतराच्या कामात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट फार भिडते. पवित्र शास्त्राचे कित्येक भाषांतरकार आपला ग्रंथ छापून येण्याआधीच निजले. छपाई हा कष्टाचा मोबदला खरा, पण कष्टाचे कारण नव्हे. हचिन्सन यांना हे उमगले असावे.

१ ऑक्टोबर १८९७ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांचे सिडमथ येथे निधन झाले. त्यांचे हस्तलिखित खंड व रोजनिशा डेव्हन परगण्याच्या दप्तरखान्यात सुरक्षित राहिल्या, आणि मृत्यूनंतर शंभर वर्षे उलटल्यावर, २००० साली, त्यांच्या रोजनिशीतील व चित्रवह्यांतील निवडक भाग देखण्या पुस्तकाच्या रूपाने वाचकांच्या हाती आला. जी घरे पडली, जे पूल वाहून गेले, ते आज त्यांच्या चित्रांत पाहावे लागतात.

सिडमथशी निगडित आणखी एक कथा आहे. १८३१ साली सिडनी स्मिथ या विनोदी धर्मगुरूंनी एका राजकीय भाषणात सिडमथच्या पार्टिंग्टनबाईंची गोष्ट सांगितली. वादळात समुद्र घरात शिरला तेव्हा ही बाई दारात उभी राहून फरशी पुसण्याच्या फडक्याने अटलांटिकला मागे लोटू लागली, आणि अर्थातच हरली. श्रोते पोट धरून हसले. विस्मृतीचा समुद्रही तसाच अफाट असतो, आणि त्याच्यापुढे लेखणी घेऊन उभा राहणारा माणूसही लोकांना असाच हास्यास्पद वाटतो. पण फडक्याने समुद्र अडत नसला, तरी लेखणीने थोडासा अडतो. सिडमथ त्याची साक्ष आहे.

वाचकहो, आपल्या मंडळीच्या कपाटात बाप्तिस्म्यांची व विवाहांची जुनी नोंदवही असेल. तिला वाळवी लागण्यापूर्वी कोणीतरी ती उघडावी. कबरस्तानातील पुसट होत चाललेली नावे कोणीतरी उतरवून घ्यावीत. आपल्या मंडळीतील सर्वांत वृद्ध आजीजवळ कोणीतरी वही घेऊन बसावे. त्यासाठी विद्वान असावे लागत नाही. चिखलातली पाने वेचणाऱ्या त्या पाळकांप्रमाणे फक्त वेळीच वाकावे लागते.